गर्भावस्थेतील कान, नाक आणि घसा : काय सोसावे, काय सांगावे

एका उन्हाळ्यात आठवा महिना लागलेली एक भगिनी आपल्या आईसमवेत आमच्या कान-नाक-घसा विभागात आली. पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी आली होती. तीन-चार दिवसांपासून तिच्या नाकाचा घोळणा फुटत होता. घरच्या वडीलधाऱ्यांनी ‘उष्णता झाली’ असे अनुमान काढले, डोक्यावर गार पाण्याच्या घड्या ठेवल्या, कांदा हुंगवला, सब्जाचे पाणी दिले. रक्त थांबे आणि पुन्हा सुरू होई. आम्ही नाक तपासले, तेव्हा पुढच्या भागातील एक बारीक रक्तवाहिनी फुटलेली दिसली. गर्भवती स्त्रियांमध्ये ही नेहमी आढळणारी गोष्ट आहे. परंतु विभागाच्या शिरस्त्याप्रमाणे परिचारिकेने तिचा रक्तदाब मोजला आणि तो १६०/११० निघाला. अधिक विचारपूस केल्यावर तिने सांगितले की, दोन दिवसांपासून डोके दुखत आहे आणि हातातल्या बांगड्या घट्ट होऊ लागल्या आहेत. ‘दिवसच तसे आहेत, म्हणून बोलले नाही,’ हे तिचे शब्द. त्याच घटकेस तिला प्रसूती विभागात दाखल करण्यात आले. पुढे योग्य उपचार होऊन माय-लेकरू सुखरूप घरी गेले.

‘दिवसच तसे आहेत’ हे वाक्य आम्ही आमच्या विभागात वारंवार ऐकतो. ते पुष्कळदा खरेही असते. गर्भावस्थेत उद्भवणाऱ्या कान, नाक व घशाच्या बहुतेक तक्रारी निरुपद्रवी असतात आणि प्रसूतीनंतर आपोआप ओसरतात. परंतु याच समजुतीमुळे एखादी महत्त्वाची खूण नजरेतून निसटते. याउलट काही घरांत साध्या तक्रारीसाठीही दुकानातून परस्पर औषध आणले जाते आणि त्याने नवाच त्रास ओढवतो. काय निर्धास्तपणे सोसावे आणि काय त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे, याचा विवेक प्रत्येक कुटुंबाला करता यावा, या हेतूने हा लेख सादर करीत आहोत.

शरीरात नेमके काय घडते?

गर्भधारणेनंतर स्त्रीच्या शरीरातील रक्ताचे प्रमाण हळूहळू वाढू लागते आणि शेवटच्या तिमाहीपर्यंत ते सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेले असते. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन तसेच वारेतून स्रवणारी इतर संप्रेरके यांची पातळीही अनेक पटींनी वाढते. या संप्रेरकांमुळे रक्तवाहिन्या शिथिल व रुंद होतात, ऊतींमध्ये पाणी साठते आणि श्लेष्मल त्वचा, म्हणजे नाका-घशाचे आतील ओलसर अस्तर, किंचित सुजते. हे सारे गर्भाच्या पोषणासाठी आवश्यकच असते. परंतु नाक, कान आणि घसा हे अवयव अशाच नाजूक, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या अस्तराने आच्छादलेले असल्यामुळे तेथे या बदलांचे पडसाद प्रकर्षाने जाणवतात.

नाक चोंदणे

सर्दी नाही, ताप नाही, शिंका नाहीत, तरीही नाक सतत चोंदलेले, अशी तक्रार सुमारे पाचांपैकी एका गर्भवती स्त्रीला होते. तिला ‘गर्भावस्थाजन्य नासिकादाह’ असे म्हणतात. ती कोणत्याही महिन्यात सुरू होऊ शकते आणि प्रसूतीनंतर साधारण दोन आठवड्यांत पूर्णपणे नाहीशी होते.

येथेच सर्वांत मोठी चूक घडते. नाक मोकळे करणारे थेंब किंवा फवारे दुकानात सहज मिळतात. त्यांतील झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन यांसारखी द्रव्ये रक्तवाहिन्या आकुंचित करून काही मिनिटांत आराम देतात. परंतु ती सलग काही दिवसांहून अधिक काळ वापरली, तर औषधाचा प्रभाव ओसरताच नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदते. मग पुन्हा थेंब घालावे लागतात. सर्दी पाच-सात दिवसांत संपते, गर्भावस्थेतील चोंदलेपणा मात्र महिनोन्‌महिने टिकतो. त्यामुळे या स्त्रिया या चक्रात विशेष सहजतेने अडकतात. बाळ वर्षाचे झाले तरी थेंबांची बाटली उशाशी ठेवल्याशिवाय झोप न येणाऱ्या माता आम्ही पाहिल्या आहेत.

यावर निर्धोक उपाय म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणे. एक पेला उकळून कोमट केलेल्या पाण्यात पाव ते अर्धा लहान चमचा मीठ घालून दिवसातून दोन-तीन वेळा नाक धुवावे. ज्यांना जलनेतीचा सराव आहे, त्यांना हे नवीन नाही. इतरांना औषधांच्या दुकानात मिळणारा मिठाच्या पाण्याचा साधा फवाराही पुरेसा होतो. रात्री उशी थोडी उंच घ्यावी, कुशीवर झोपावे आणि डॉक्टरांनी मना केले नसेल तर रोज थोडे चालावे. आधीपासून दमा अथवा ॲलर्जी असलेल्या स्त्रियांनी मात्र नेहमीची औषधे घाबरून परस्पर बंद करू नयेत. त्यांपैकी अनेक औषधे गर्भावस्थेतही सुरक्षितपणे चालू ठेवता येतात.

पहिल्या तिमाहीत फोडणीचा, साबणाचा वा अत्तराचा वास असह्य होणे, हेही पुष्कळ घरांच्या परिचयाचे आहे. घ्राणेंद्रियाची मोजणी करून केलेल्या परीक्षणांत गर्भवतीचे नाक सरसकट अधिक तीक्ष्ण झाल्याचे आढळलेले नाही. पण तेच वास तिला अधिक उग्र आणि अप्रिय भासतात, हे खरे आहे. तेव्हा तो लाडिकपणा समजू नये. काही आठवडे स्वयंपाकघरातून तिला सुटी देणे हाच त्यावरील उत्तम उपचार.

घोळणा फुटणे

नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागात अनेक सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे असते. गर्भावस्थेत त्या फुगलेल्या असतात, म्हणून नाक शिंकरताना वा कोरड्या हवेत त्या फुटतात. अशा वेळी डोके मागे टाकून उताणे निजवण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. ती चुकीची आहे, कारण रक्त घशात उतरून उलटी व ठसका होतो. रुग्णेस बसवावे, मान किंचित पुढे झुकवावी, नाकाचा मऊ भाग दोन बोटांनी घट्ट दाबावा आणि तोंडाने श्वास घेण्यास सांगावे. घड्याळ लावून दहा ते पंधरा मिनिटे दाब मुळीच सोडू नये. थांबले का हे पाहण्यासाठी दर मिनिटाला बोटे उचलल्याने रक्त थांबतच नाही. अर्ध्या तासात रक्त न थांबल्यास रुग्णालय गाठावे.

रक्त थांबले तरी तीन गोष्टी पाहणे आवश्यक आहे. पहिली, रक्तदाब. विसाव्या आठवड्यानंतर तो १४०/९० किंवा त्याहून अधिक भरल्यास त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. दुसरी, रक्तातील बिंबाणूंची, म्हणजे प्लेटलेट्सची संख्या. गर्भावस्थेतील रक्तदाबाच्या गंभीर विकारात ती घसरू शकते. तिसरी, हिमोग्लोबिन. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशातील निम्म्याहून अधिक गर्भवती स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. जिच्या अंगी रक्त मुळातच कमी आहे, तिचा वारंवार फुटणारा घोळणा किरकोळ मानता येत नाही. रक्तदाबाचा धोका टाळण्यासाठी काही स्त्रियांना अल्प मात्रेतील ॲस्पिरिन दिलेले असते. ते घोळणा फुटल्यामुळे परस्पर बंद न करता, ज्यांनी दिले त्या डॉक्टरांना विचारावे.

कधी नाकात किंवा हिरडीवर लालभडक, स्पर्श होताच रक्त येणारी लहान गाठ उद्भवते. ती पाहून घरची मंडळी कर्करोगाच्या भीतीने हवालदिल होतात. बहुधा ती संप्रेरकांमुळे वाढलेल्या रक्तवाहिन्यांची साधी गाठ असते आणि प्रसूतीनंतर आक्रसते. निदानाची खात्री मात्र तज्ज्ञांकडूनच करून घ्यावी. हिरड्या सुजून ब्रश करताना रक्त येणे हेही या काळात नेहमीचे आहे. त्या भीतीने दात घासणे सोडल्यास सूज वाढते.

कानाच्या तक्रारी

मध्यकर्ण आणि घसा यांना जोडणारी एक नळी असते. कानाच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या हवेचा दाब ती समतोल राखते. तिचे अस्तर सुजले की कानाला दडे बसतात. काहींच्या बाबतीत उलट घडते. नळी सतत उघडी राहते आणि स्वतःचा आवाज, अगदी स्वतःचा श्वासही कानात घुमत राहतो. आडवे झाल्यावर हा त्रास कमी होतो, ही त्याची खूण. दोन्ही प्रकार बहुधा प्रसूतीनंतर बरे होतात. कान कोरणे, काडी घालणे किंवा कानात गरम तेल सोडणे यांपैकी कशाचाही येथे उपयोग नाही, अपाय मात्र होऊ शकतो.

कानातील रिकीब नावाच्या इवल्याशा हाडाची हालचाल मंदावून बहिरेपण आणणारा एक आजार तरुण स्त्रियांमध्ये आढळतो. गर्भावस्थेत तो बळावतो, अशी पूर्वापार समजूत होती आणि त्यापोटी काही स्त्रियांना मूल होऊ न देण्याचा सल्लाही दिला जाई. नंतरच्या अभ्यासांत बाळंतपणांची संख्या आणि बहिरेपणा यांचा असा ठाम संबंध दिसून आलेला नाही. तेव्हा अशा भगिनींनी श्रवणचाचणी वेळोवेळी करून घ्यावी, परंतु केवळ या भयाने मातृत्व नाकारण्याचे कारण नाही, असे आम्ही त्यांना आवर्जून सांगतो.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. एका कानाने एकाएकी, काही तासांत वा दोन-तीन दिवसांत ऐकू येईनासे झाले, तर तो दडा आहे असे समजून वाट पाहू नये. या विकारात उपचार जितके लवकर सुरू होतील, तितकी श्रवणशक्ती परतण्याची आशा अधिक असते. गर्भवतीला त्रास न होता थेट मध्यकर्णात औषध देण्याची सोयही आज उपलब्ध आहे.

‘तोंडावरून वारे गेले’

सकाळी उठावे आणि चूळ भरताना पाणी ओठांच्या एका कोपऱ्यातून गळावे, एक डोळा मिटू नये, हसताना तोंड वाकडे व्हावे, हा प्रसंग कोणत्याही घराला हादरवून टाकतो. चेहऱ्याच्या स्नायूंना चालना देणारी मज्जातंतू कानाच्या हाडातील अरुंद बोगद्यातून जाते. तेथे तिला सूज आल्यास हा विकार होतो. स्कॉटलंडचे शल्यविशारद सर चार्ल्स बेल यांच्या नावाने तो ओळखला जातो. शेवटच्या तिमाहीत आणि प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यात त्याचे प्रमाण एरवीपेक्षा वाढलेले आढळते.

हा बहुधा अर्धांगवायू नसतो. पण दोहोंतील फरक घरच्यांनी ठरवू नये. त्याच दिवशी रुग्णालयात यावे. औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्यास लाभ अधिक होतो. न मिटणारा डोळा कोरडा पडून बुबुळाला इजा होऊ नये म्हणून त्याची निगा राखावी लागते. उंच रक्तदाबाच्या विकाराशीही याचे नाते आढळले आहे, म्हणून येथेही रक्तदाब मोजणे ओघानेच आले. बहुतेक भगिनी काही आठवड्यांत वा महिन्यांत बऱ्या होतात. वारे उतरवण्यासाठी दोन-तीन दिवस अन्यत्र घालवले की नेमका उपचाराचा मोलाचा काळ हातचा निसटतो.

घसा, आवाज आणि घोरणे

प्रोजेस्टेरॉनमुळे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल होते आणि वाढते गर्भाशय जठराला वर लोटते. परिणामी आम्ल घशापर्यंत येते. छातीत जळजळ, आंबट ढेकर, घसा खवखवणे, काहीतरी अडकल्याची भावना, कोरडा खोकला या तक्रारींचे मूळ पुष्कळदा येथे असते. अशा घशासाठी प्रतिजैविके घेणे व्यर्थ आहे. थोडे थोडे खावे, रात्रीच्या जेवणानंतर दोन-तीन तास आडवे होऊ नये, पलंगाची डोक्याकडची बाजू वीतभर उंच करावी. एवढ्याने भागले नाही तर डॉक्टर सुरक्षित औषध देतात.

स्वरतंतूंनाही किंचित सूज येते, त्यामुळे आवाज जड होतो व लवकर थकतो. शिक्षिका आणि गायिका यांना हे विशेष जाणवते. पुरेसे पाणी पिणे आणि आवाजाला विश्रांती देणे, एवढेच सहसा लागते. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिल्यास, किंवा गळ्यापाशी सूज दिसल्यास, स्वरयंत्राची व थायरॉइडची तपासणी करून घ्यावी.

घोरणे हा विषय आपल्याकडे थट्टेचा. पूर्वी न घोरणारी स्त्री गर्भावस्थेत घोरू लागली, झोपेत तिचा श्वास मध्येच अडू लागला, दिवसा तिला सतत गुंगी राहू लागली, तर मात्र तो थट्टेचा विषय राहत नाही. झोपेतील श्वासावरोधाचा गर्भावस्थेतील रक्तदाब आणि मधुमेह यांच्याशी संबंध दिसून आला आहे. ही तक्रार स्त्री स्वतः सांगू शकत नाही, कारण ती तेव्हा झोपेत असते. ती सांगण्याची जबाबदारी पतीची, सासूची अथवा आईची आहे.

औषधे आणि उदरातील बाळाचे कान

मातेने घेतलेले औषध पुष्कळदा वारेतून बाळापर्यंत पोहोचते. १९४३ साली शोध लागलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने क्षयरोगाच्या असंख्य रुग्णांना जीवदान दिले. तेच औषध गर्भवतीला दिल्यास बाळाच्या अंतःकर्णाला इजा होऊन जन्मतः बहिरेपण येऊ शकते, हेही पुढे कळून आले. म्हणून क्षयरोगाच्या औषधोपचारात गर्भवतीसाठी ते टाळले जाते. क्षयरोगावरील उपचार मात्र थांबवायचे नसतात. तेव्हा कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर ‘मला दिवस गेले आहेत’ हे वाक्य सर्वप्रथम उच्चारावे.

मातेला गर्भावस्थेच्या आरंभी झालेला रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, बाळाला बहिरेपण देऊ शकतो. ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली या रोगाचा आणि जन्मजात मोतीबिंदूचा संबंध प्रथम दाखवून दिला. त्यानंतर बहिरेपणाचाही संबंध स्पष्ट झाला. आपल्या देशात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम २०१७ साली सुरू झाली आणि महाराष्ट्रात ती २०१८ च्या नोव्हेंबरात राबविण्यात आली. ही लस गर्भावस्थेत देत नाहीत. लग्नापूर्वी किंवा गर्भधारणेच्या किमान एक महिना आधी ती घेतलेली असावी.

आणि बाळ जन्मल्यावर? पहिल्या महिन्यात श्रवणाची प्राथमिक चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निश्चित निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार, असे सूत्र जगभर मान्य झाले आहे. ही चाचणी काही मिनिटांची असते आणि निजलेल्या बाळाला तिची जाणीवही होत नाही. २०१३ साली पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे.

कुटुंबीयांसाठी ध्यानात ठेवण्याजोगे

चोंदलेले नाक, कानाला दडे, जड आवाज, हिरड्यांतून थोडे रक्त, छातीत जळजळ या तक्रारी पुढच्या प्रसूतिपूर्व तपासणीच्या वेळी सांगितल्या तरी चालतील.

वारंवार किंवा न थांबणारा घोळणा, वाकडे झालेले तोंड, एकाएकी आलेले बहिरेपण, झोपेत अडणारा श्वास, तसेच यांपैकी कशाच्याही जोडीला तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी वा काजवे, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, चेहऱ्यावर व हातांवर सूज असल्यास त्याच दिवशी रुग्णालयात यावे. रक्त थांबत नसेल, श्वास घेणे कठीण झाले असेल किंवा झटका आला असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

२०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय आरोग्य संस्थांमध्ये गर्भवतींची विनामूल्य तपासणी केली जाते. तिचा लाभ अवश्य घ्यावा.

आरंभी ज्या भगिनीचा उल्लेख केला, तिच्या नाकावरील उपचार दहा मिनिटांचा होता. तिला आणि तिच्या बाळाला वाचविले ते दंडाला गुंडाळलेल्या एका पट्ट्याने आणि ‘आणखी काही त्रास होतो का?’ या प्रश्नाने. म्हणूनच कोणत्याही तक्रारीसाठी आलेल्या गर्भवतीचा रक्तदाब मोजल्यावाचून तिला परत पाठवायचे नाही, हा नियम आम्ही विभागात कटाक्षाने पाळतो. देणगीदारांच्या औदार्यातून रुग्णालयात मोठी यंत्रे येतात आणि त्यांचे मोल आम्ही जाणतो. परंतु प्रत्येक तपासणी कक्षात एक साधे, अचूक रक्तदाबमापक असणे आणि ते वापरण्यास परिचारिकेला सवड असणे, हेही त्याच औदार्याचे फळ आहे.

घरातील गर्भवतीला आपण डोहाळे विचारतो. तसेच तिला काय दुखते-खुपते, हेही विचारावे आणि तिचे उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे, एवढीच विश्वस्त, हितचिंतक आणि रुग्णांचे आप्त अशा सर्वांना आमची नम्र विनंती.